संगणकाशिवाय पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट कसा तयार व्हायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: संगणक नव्हते तेव्हा दीड तासाचा कार्टून सिनेमा हाताने कसा करायचे, सेकंदाला खरोखर २४ चित्रं काढायचे का, आणि एका सिनेमाला शेकडो माणसं आणि तीन-तीन वर्षं का लागायची?

सगळे स्टुडिओ अगदी एकसारखं काम करत नसत, म्हणून एकच सिनेमा समोर ठेवून उत्तर देतो. वॉल्ट डिस्नी यांच्या स्टुडिओचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. त्याआधीही पूर्ण लांबीचे ॲनिमेशनपट झाले होते. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी १९२६ मध्ये कातरलेल्या छायाकृतींचा सिनेमा केला होता. पण सेलवर, म्हणजे फिल्मच्या पारदर्शक तावावर रंगवलेली पात्रं, संवाद, गाणी आणि पूर्ण रंग हे सगळं एका लांब सिनेमात 'स्नो व्हाइट'ने आणलं, आणि पुढची पन्नास वर्षं जगभर थोड्याफार फरकाने हीच कामाची पद्धत चालली.

ही पद्धत नीट समजायची असेल तर दोन अडचणी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, शेकडो हातांनी काढलेलं पात्र पडद्यावर एकाच हाताचं दिसायला हवं. दुसरी, चूक जितकी उशिरा सापडेल तितकी ती महाग पडते. स्टुडिओतला जवळजवळ प्रत्येक टप्पा, प्रत्येक कागद, प्रत्येक तपासणी या दोन अडचणींवरचा उपाय आहे.

आधी हिशेब. सिनेमा ८३ मिनिटांचा. फ्रेम म्हणजे फिल्मवर घेतलेला एकेक फोटो. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे मिनिटाला १,४४० आणि पूर्ण सिनेमाला १,१९,५२०. पण प्रत्येक फ्रेमला नवं चित्र लागतंच असं नाही. बऱ्याच हालचाली 'ऑन टूज' करतात, म्हणजे एक चित्र लागोपाठ दोन फ्रेम दाखवायचं. डोळ्याला ते खटकत नाही, उलट सावकाश हालचाल कधी कधी त्यातच जास्त टवटवीत दिसते. त्या हिशेबाने सेकंदाला १२ चित्रं पुरतात. वेगवान हालचाल आणि सरकत्या पार्श्वभूमीवरचं चालणं मात्र 'ऑन वन्स' करावंच लागतं. त्याचं कारण पुढे येतं. इथवर हिशेब निम्म्यावर आला असं वाटेल, पण एका फ्रेममध्ये एकावर एक दोन-तीन सेल असतात, प्रत्येक पक्क्या चित्रामागे कच्ची चित्रं असतात आणि बाद झालेले प्रसंगही असतात. म्हणून काढलेल्या एकूण चित्रांची संख्या फ्रेमच्या संख्येच्या कितीतरी पुढे जाते.

कथेचं काम १९३४ मध्ये सुरू झालं. लिहिलेल्या पटकथेपेक्षा स्टोरीबोर्ड महत्त्वाचा: छोटी छोटी चित्रं टाचण्यांनी फळ्यावर लावायची, समोर उभं राहून प्रसंग सगळ्यांना वाचून, करून दाखवायचा, आणि न जमलेली चित्रं काढून फेकायची. सगळ्या टप्प्यांतला हा सर्वांत स्वस्त टप्पा. इथे एक प्रसंग काढून टाकला तर चार टाचण्या निघतात. रंगवून झाल्यावर काढला तर कित्येक महिन्यांची मजुरी जाते.

मग आवाज. नवख्या माणसाला हा क्रम उलटा वाटतो, पण संवाद आणि गाणी चित्रांच्या आधी ध्वनिमुद्रित होतात. स्नो व्हाइटचा आवाज ॲड्रियाना कॅसेलॉटी यांचा, राणीचा आणि चेटकिणीचा ल्युसिल ला व्हर्न यांचा. ध्वनिमुद्रण झालं की तो ट्रॅक फ्रेम मोजत 'वाचला' जातो: कुठला अक्षरध्वनी कितव्या फ्रेमला सुरू होतो, किती फ्रेम टिकतो, श्वास कुठे आहे. प, ब, म यांना ओठ मिटलेले किमान दोन फ्रेम दिसायलाच हवेत. एकाच फ्रेमला मिटले तर पात्र बोलताना तोतरं दिसतं. आणि तोंडाची हालचाल आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी चालते, मागे कधीच नाही. मागे पडली की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे जाणवतं.

गाण्यांचंही फ्रेमचंच गणित. १२ फ्रेमचा ठेका म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. पात्राने ठेक्यावर चालायचं तर प्रत्येक पाऊल १२ फ्रेमचं. साधं चालणंही साधारण तेवढंच असतं, त्यामुळे हा ठेका फार सोयीचा. दिग्दर्शक आणि संगीतकार मिळून आडव्या बार शीटवर हालचाल आणि संगीत एकाखाली एक मांडत, आणि त्यावरून प्रत्येक शॉटची लांबी ठरे. लांबी मोजायची फुटांत: ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. ॲनिमेटरचं आठवड्याचं कामही फुटांतच मोजत. एक फूट म्हणजे सेकंदाचे दोन तृतीयांश. आठवडाभर राबून हाती आलेले काही फूट पडद्यावर पापणी लवायच्या आत निघून जातात.

लेआउट विभाग शॉटचा नकाशा बनवतो: कॅमेऱ्याची चौकट केवढी, पात्र कुठून कुठे जाणार, कॅमेरा सरकणार की जवळ जाणार, पार्श्वभूमीतली कुठली वस्तू पात्राच्या पुढे येणार. चौकटीला 'फील्ड' म्हणतात. १२ फील्ड म्हणजे १२ इंच रुंदीचं चित्र. लेआउट कच्चा राहिला तर पुढे ॲनिमेटरने पात्र टेबलामागे उभं केलेलं असतं आणि पार्श्वभूमीच्या चित्रकाराने तिथे टेबलच रंगवलेलं नसतं.

आता या सगळ्या यंत्रणेचा कणा: एक्सपोजर शीट, म्हणजेच डोप शीट. लांबट कागद, उभ्या दिशेने एकेक ओळ म्हणजे एकेक फ्रेम, आणि आडवे रकाने. एक रकाना कृतीचा, एक संवादाचा, चार-पाच सेलच्या थरांचे, एक पार्श्वभूमीचा, शेवटचा कॅमेऱ्याच्या सूचनांचा. दिग्दर्शकापासून कॅमेरामनपर्यंत प्रत्येक जण हाच कागद वाचतो. चित्र सुंदर आहे पण शीटवर चुकीच्या ओळीत नोंदलंय, तर पडद्यावर चुकीचंच दिसणार.

एक उदाहरण घ्या. एक बुटका, म्हणजे सिनेमातल्या सात 'ड्वार्फ्स'पैकी एक, उभा आहे, तीन सेकंदांत मान हलवून 'नाही' म्हणतो आणि एकदा पापणी मिटतो. एकूण ७२ फ्रेम. तळाच्या थरावर धड, एकच चित्र, ७२ फ्रेम तसंच. त्यावर डोकं: पहिले २४ फ्रेम हलतं, ऑन टूज, म्हणजे १२ चित्रं; मग थांबतं. सर्वांत वर तोंड आणि पापण्या मिळून सात-आठ चित्रं. साधारण २० चित्रांत शॉट होतो. हिशेबाने उत्तम, पण दिसायला वाईट: मान हलताना खांदे दगडासारखे स्थिर राहिले की कळसूत्री बाहुली वाटते. म्हणून चांगल्या लांबपटांत मान हलली की खांदा थोडा ओढला जातो, पोट हलतं, दाढी डोक्याच्या दोन-तीन फ्रेम मागून येते आणि डोकं थांबल्यावर थांबते. म्हणजे पूर्ण आकृती पुन्हा पुन्हा काढायची. खर्चाचा आकडा इथेच फुगतो आणि पात्र इथेच जिवंत होतं. टीव्हीसाठीच्या स्वस्त मालिकांनी पुढे नेमका हाच भाग छाटला.

चित्रं काढण्याची रीत अशी. टेबलात काचेची फिरती तबकडी, तिच्याखाली दिवा, कडेला पेग बार, म्हणजे खुंट्या असलेली पट्टी. प्रत्येक कागदाला, नंतर प्रत्येक सेलला आणि पार्श्वभूमीला, एकाच मापाची भोकं पाडलेली. ती खुंट्यांवर बसवली की कागद एकमेकांवर तंतोतंत बसतात. भोक जरासं झिजलं, फाटलं, तरी चित्र पडद्यावर थरथरतं, कारण पडद्यावर ते पाच-पन्नास पट मोठं होतं.

ॲनिमेटर आधी की ड्रॉइंग काढतो, म्हणजे हालचालीची टोकं: हात वर गेलेला, हात खाली आलेला. समजा ही चित्रं १ आणि ९ क्रमांकाची आहेत. मधलं ५ क्रमांकाचं 'ब्रेकडाउन' चित्र ठरवतं की हात कुठल्या वाटेने गेला. मग ३ आणि ७ ही 'इनबिटवीन' चित्रं सहायक भरतो. क्रमांक विषम आहेत कारण चित्राला फ्रेमचाच क्रमांक देतात आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेमचं आहे. की ड्रॉइंगच्या कडेला ॲनिमेटर एक छोटी शिडी काढतो, टायमिंग चार्ट. शिडीच्या पायऱ्या टोकांजवळ दाट असतील तर हालचाल हळू सुरू होऊन हळू थांबते. सारख्या अंतरावर असतील तर यंत्रासारखी सरकते.

इनबिटवीन म्हणजे दोन रेषांच्या बरोबर मध्ये तिसरी रेषा, असा समज असेल तर काम बिघडलंच. डोकं डावीकडून उजवीकडे वळताना मधल्या चित्रात हनुवटी थोडी खाली यावी लागते, कारण डोकं कमानीत फिरतं. सरळ मध्य काढला तर चेहरा मधल्या फ्रेमला चपटा होतो आणि पात्र 'पोहतं'. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आकार आटणं. सहायक प्रत्येक वेळी रेषेच्या आतल्या कडेने गिरवतो. एका चित्रात फरक केसाएवढा, पण चाळीसाव्या चित्रापर्यंत नाक बारीक झालेलं असतं आणि पुढच्या की ड्रॉइंगला ते एकदम उडी मारून मोठं होतं. यावर उपाय मॉडेल शीट: प्रत्येक पात्र सगळ्या बाजूंनी, डोकं किती, धड किती, टोपीची घडी कुठे, सातही जण शेजारी उभे केले तर कोणाची उंची किती. सात बुटके सारख्याच बांध्याचे असूनही प्रेक्षक त्यांना चालीवरून आणि डोळ्यांवरून ओळखतो; ही ओळख मॉडेल शीटने सांभाळली.

स्नो व्हाइट स्वतः यांच्यापेक्षा अवघड होती. बुटक्याचं नाक चुकलं तर चालून जातं, मुलीच्या चेहऱ्यावर डोळा रेषेच्या जाडीएवढा सरकला तरी ती वेगळीच मुलगी दिसते. तिच्यासाठी मार्जरी बेल्चर या तरुण नर्तकीवर हालचालींचं चित्रीकरण केलं आणि त्या फ्रेमचे फोटो ॲनिमेटरांना दिले. असे फोटो थेट गिरवले तर काम फसतं. खऱ्या माणसाचं डोकं उंचीच्या मानाने लहान असतं. तसं काढलेलं पात्र पडद्यावर थंड आणि हलकं दिसतं, पायाला वजन नसल्यासारखं. म्हणून डोकं मोठं करायचं, टोकाच्या मुद्रा थोड्या ताणायच्या, मधल्या फ्रेम गाळायच्या, आणि कपड्याची घडी कशी पडते, वजन कुठल्या पायावर आहे एवढंच फोटोतून उचलायचं. ग्रिम नॅटविक आणि हॅमिल्टन लुस्के यांच्या हातांत हे काम होतं. राणी आर्ट बॅबिट यांची, चेटकीण नॉर्मन फर्ग्युसन यांची, बुटक्यांवर व्लादिमिर टायटला आणि फ्रेड मूर. पात्रनिहाय माणसं नेमणं हाही 'एकच हात दिसावा' यासाठीचाच उपाय.

कच्ची पेन्सिल चित्रं झाली की ती तशीच कॅमेऱ्याखाली घेऊन पेन्सिल टेस्ट काढतात आणि छोट्या खोलीत सगळे मिळून बघतात. डिस्नीच्या स्टुडिओत त्या खोलीला स्वेटबॉक्स म्हणत. इथे हालचाल तपासायची, रेषा नाही: वजन वाटतं का, नजर कुठे जाते, हसू वेळेवर येतं का. रंग भरण्याआधीचा हा शेवटचा स्वस्त टप्पा. वॉर्ड किंबल यांनी केलेला बुटक्यांचा सूप पिण्याचा प्रसंग पेन्सिलमध्ये पूर्ण झाला होता आणि कथा रेंगाळते म्हणून काढून टाकला गेला. बुटके पलंग तयार करतात तो प्रसंगही गेला. काम उत्तम असूनही. मला विचाराल तर त्या सिनेमातला सर्वांत धाडसी निर्णय हाच. आणि तो शाई लागायच्या आत घेतला गेला म्हणून परवडला.

पुढे क्लीन-अप: कच्च्या रेषांच्या गुंत्यातून एकच स्वच्छ रेषा निवडायची. सहायक इथे पात्राला मारू शकतो. कच्च्या चित्रातला जोर गुळगुळीत रेषेत हरवतो, म्हणून चांगला क्लीन-अप करणारा आधी कच्चा गठ्ठा बोटांत धरून उलटून पाहतो, हालचाल डोक्यात बसवतो आणि मगच पेन्सिल टेकवतो.

आता इंक अँड पेंट. या विभागात बहुतेक स्त्रिया होत्या आणि सिनेमाची पडद्यावर दिसणारी प्रत्येक रेषा त्यांची आहे, ॲनिमेटरची नाही. हे फार कमी वेळा सांगितलं जातं. सेल म्हणजे पारदर्शक पातळ फिल्मचा ताव. त्या काळी सेल्युलोज नायट्रेटचा, म्हणजे भयंकर ज्वालाग्राही. १२ फील्डसाठी साधारण साडेदहा बाय साडेबारा इंचांचा. हातात पातळ सुती मोजे, कारण बोटाचा ठसा कॅमेऱ्यात चमकतो. पेन्सिल चित्रावर सेल ठेवून पुढच्या बाजूने शाईने रेषा, तीही काळी नाही: गालाची रेषा तपकिरी, झग्याची झग्याच्या गडद छटेत. वाळल्यावर सेल उलटा करून मागच्या बाजूने रंग. मागून रंगवल्यामुळे कुंचल्याचे फटकारे दिसत नाहीत आणि रंगाची कड शाईच्या रेषेखाली लपते. रंग दाट आणि सपाट बसायला हवा; पातळ पडला तर खालची पार्श्वभूमी डोकावते, जाड पडला तर वाळून तडकतो आणि सेल वाकवताच टवका उडतो. स्नो व्हाइटच्या गालावरची लाली सपाट रंगाने कृत्रिम दिसत होती, म्हणून ती मऊ छटा प्रत्येक सेलवर हाताने दिली. तीच जागा, तोच आकार, तीच तीव्रता, लागोपाठ शेकडो सेलवर. जराशी चुकली तर गाल लुकलुकतात.

यापेक्षा बारीक कटकट थरांची. सेल पारदर्शक असला तरी पूर्ण नाही. प्रत्येक थर थोडा प्रकाश खातो आणि किंचित पिवळट झाक देतो. एकच पांढरी दाढी सर्वांत वरच्या थरावर पांढरी दिसते, आणि तीन सेलखाली मळकी. म्हणजे शॉटच्या मध्यावर पात्राचा थर बदलला की रंग बदलल्यासारखा दिसणार. यावर दोन उपाय एकत्र वापरतात. एक, शॉटमध्ये थरांची संख्या पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी ठेवायची. एखाद्या थरावर काही नसेल तर कोरा सेल घालायचा. दोन, खालच्या थरासाठी तोच रंग मुद्दाम थोडा उजळ मिसळून घ्यायचा. म्हणून रंगशाळेत एकाच रंगाच्या थरागणिक वेगळ्या बरण्या. चार-पाच थरांपलीकडे जाता येत नाही, आणि पडद्यावर तर सात बुटके एकदम येतात! त्यामुळे दोन-तीन बुटके एकाच सेलवर बसवावे लागतात, आणि मग त्यातला एक थांबला तरी सेल पुन्हा पूर्णच रंगवावा लागतो.

पार्श्वभूमी सहसा जलरंगात, मवाळ, कमी भडक, म्हणजे सपाट रंगाची पात्रं उठून दिसतात. पात्र जिथे उभं राहणार ती जागा मोकळी आणि उजळ ठेवायची, तपशील कडांना.

सावल्या वेगळ्याच प्रकारे येतात. सावली काळ्या रंगाने वेगळ्या सेलवर रंगवतात. कॅमेरामन पूर्ण शॉट सावलीच्या सेलसकट समजा ६० टक्के एक्सपोजरवर घेतो, फिल्म मागे गुंडाळतो आणि तोच शॉट सावलीशिवाय उरलेल्या ४० टक्क्यांवर पुन्हा घेतो. एकूण १००. सावलीच्या जागी फक्त दुसऱ्या फेरीचा प्रकाश पोचल्यामुळे ती पारदर्शक दिसते. दोन फेऱ्यांत एक जरी फ्रेम सरकली तरी पात्राला दोन कडा दिसतात आणि शॉट पहिल्यापासून घ्यावा लागतो.

आता ऑन वन्सचं कारण. पात्र एका जागी चालतं आणि मागची पार्श्वभूमी सरकते. पाऊल १२ फ्रेमचं आणि ३ इंचांचं असेल तर जमिनीवर टेकलेला पाय फ्रेममागे पाव इंच मागे जायला हवा, आणि पार्श्वभूमीही फ्रेममागे बरोबर पाव इंच. कॅमेरा टेबलावर हे इंचाच्या विसाव्या भागांत मोजतात, म्हणजे ५ भाग. पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकतेय आणि पाय दर दोन फ्रेमला, तर एकाआड एक फ्रेमला पाय जमिनीवरून घसरतो. बर्फावर चालल्यासारखं दिसतं. म्हणून इथे काटकसर चालत नाही.

कॅमेरा छताकडून खाली बघतो. खाली पार्श्वभूमी, त्यावर सेल, वरून जड काच दाबायची म्हणजे सेल सपाट बसतात, एक फ्रेम घ्यायची, काच उचलायची, पुढचे सेल. दर फ्रेमला धूळ झटकायची. चुका ठरलेल्या: एखादा सेल घालायचा राहिला की एका फ्रेमला पात्राचं डोकं गायब, थरांचा क्रम उलटला की हात अंगाच्या मागे, काच नीट बसली नाही तर सेलची सावली खाली पडते. टेक्निकलर या रंगीत फिल्मच्या पद्धतीसाठी तर प्रत्येक फ्रेम तीन वेळा, लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून, कृष्णधवल फिल्मवर. म्हणजे फक्त अंतिम सिनेमासाठी ३,५८,५६० एक्सपोजर. डिस्नीच्या स्टुडिओत एक हकीकत सांगत: शेवटी राजपुत्र थरथरताना दिसत होता, आणि दुरुस्तीला पैसे उरले नव्हते म्हणून तो तसाच राहिला. खर्च तोवर सुरुवातीच्या अडीच लाख डॉलरच्या अंदाजावरून १५ लाखांच्या घरात गेला होता.

मल्टिप्लेन कॅमेऱ्याबद्दल लोक फार विचारतात. साध्या कॅमेऱ्याने रंगवलेल्या रात्रीच्या चित्राजवळ गेलं तर झाडांबरोबर चंद्रही मोठा होतो, आणि डोळा लगेच ओळखतो की हा कागद आहे. मल्टिप्लेनमध्ये झाडं, घर, डोंगर, आकाश वेगवेगळ्या काचांवर रंगवून एकाखाली एक काही अंतरावर ठेवतात. कॅमेरा खाली येताना जवळची काच झपाट्याने जवळ येते, कडेला सरकवून बाहेरही काढता येते, आणि चंद्र आहे तेवढाच राहतो. विल्यम गॅरिटी यांनी बांधलेलं हे यंत्र आधी १९३७ च्याच 'दि ओल्ड मिल' या लघुपटात वापरून पाहिलं. माणसाच्या दुप्पट उंचीचं धूड. प्रत्येक थराला वेगळे दिवे, प्रत्येक थराच्या हालचालीचा वेगळा तक्ता, एका शॉटला अनेक माणसं. इतकं महाग की निवडक शॉटपुरतंच वापरायचं.

या पद्धतीला आपल्याकडचा थेट धागाही आहे. 'स्नो व्हाइट'च्या काळात डिस्नीत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि तिथल्या कार्टून फिल्म विभागातल्या मुलांना त्यांनी हेच की ड्रॉइंग, इनबिटवीन, एक्सपोजर शीट शिकवलं. पुढे नावाजलेले ॲनिमेटर राम मोहन त्याच वर्गातले.

बदल कुठे झाले? १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'मध्ये पेन्सिल रेषा झेरॉक्सने थेट सेलवर उतरवल्या, हाताची शाई गेली आणि रेषा काळी, खरखरीत झाली. १९९० च्या 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर'मध्ये सेल आणि रंगही गेले, रंगकाम संगणकात झालं. की ड्रॉइंग, टायमिंग चार्ट आणि एक्सपोजर शीट मात्र राहिलेच.

स्वतः हाताने करून बघायचं असेल तर पाच सेकंदांपासून सुरुवात करा. १२० फ्रेम, ऑन टूज ६० चित्रं. महागडा पेग बार नको: ऑफिसचं दोन भोकांचं पंच ६ मिमीची भोकं ८ सेंमी अंतरावर पाडतं, तेवढ्याच अंतरावर ६ मिमी जाडीच्या दोन लाकडी खुंट्या पट्टीवर घट्ट चिकटवा. साधा ए-४ कागद, काचेखाली एलईडीचा दिवा. मोबाइल स्टँडला बांधून वरून धरा आणि फोकस, एक्सपोजर दोन्ही लॉक करा, नाहीतर प्रत्येक फ्रेमला उजेड बदलेल. विषय म्हणून चेंडूऐवजी पिठाची अर्धी भरलेली पिशवी घ्या: उडी मारून टेबलावर पडते. पडताना चपटी होते, उडताना लांबते, पण आतलं पीठ तेवढंच राहायला हवं. रेषा पक्की करण्याआधी टेस्ट काढा, आणि पिशवी हलकी वाटली तर चित्रं सुधारत बसू नका. आधी टायमिंग चार्ट बदला, उडीच्या माथ्यावर चित्रं दाट करा आणि जमिनीजवळ विरळ.